ऑक्सिडीभूत सेल्युलोजची नवी अनुजाते : वस्त्रोद्योग परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना : हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे इचलकरंजीस लागून असलेले गाव आहे. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि कालांतराने हा सर्व परिसर सुती कापडाचे केंद्र बनला. सुताचा मुख्य घटक सेल्युलोज होय. ब्लीचिंगच्या वेळी हायपोक्लोराइटचे द्रावण उदासीनतेकडे झुकले, तर सेल्युलोजचे ऑक्सिडीकरण होऊन पुढील अल्कधर्मी धुलाईत कापड कमजोर होते. कारखानदाराच्या दृष्टीने हा दोष असला, तरी हीच अभिक्रिया नियंत्रित रीतीने घडविल्यास रसायनशास्त्रज्ञास उपयुक्त कच्चा माल मिळतो.

ऑक्सिडीकरणाचे स्वरूप : सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज एककात तीन हायड्रॉक्सिल गट असतात. पेरआयोडेटमुळे दुसऱ्या व तिसऱ्या कार्बनमधील बंध तुटून दोन अल्डिहाइड गट निर्माण होतात. याउलट नायट्रोजन डायऑक्साइडमुळे मुख्यतः सहाव्या कार्बनवर कार्बोक्झिल गट तयार होतो. १९४२ मध्ये याकेल व केनयन यांनी वर्णिलेले हे दुसरे द्रव्य पुढे शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरात आले.

अनुजातांची निर्मिती : अल्डिहाइड गट अत्यंत क्रियाशील असतात. अमाइनांबरोबर त्यांपासून शिफ क्षारके, तर हायड्रॉक्सिल अमाइनबरोबर ऑक्झाइमे मिळतात. सोडियम क्लोराइटने त्यांचे कार्बोक्झिल गटांत, तर सोडियम बोरोहायड्राइडने अल्कोहोल गटांत रूपांतर होते. हायड्रॉक्सिल अमाइन हायड्रोक्लोराइड वापरल्यास मुक्त होणाऱ्या आम्लाच्या अनुमापनाने अल्डिहाइडचे प्रमाण काढता येते. हा प्रयोग महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही शक्य आहे.

उपयोग व मर्यादा : नायट्रोजन वा गंधकयुक्त गट जोडलेली अनुजाते तांबे, शिसे यांसारख्या धातूंचे आयन बांधून ठेवतात. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न ज्या परिसरास भेडसावतो, तेथे सुताच्या टाकाऊ भागापासून असा शोषक तयार करण्याचा विचार महत्त्वाचा ठरतो. तथापि पेरआयोडेट महाग असून अभिक्रियेनंतर आयोडेट शिल्लक राहते. हायपोक्लोराइटने त्याचे पुन्हा पेरआयोडेटमध्ये रूपांतर करता येते. ही पुनःप्राप्ती न केल्यास प्रदूषण दूर करण्याचा उपायच नव्या सांडपाण्याचे कारण होईल. शिवाय ऑक्सिडीकरण वाढते तशी रेणुशृंखला तुटून तंतूचे बळ घटते.

निष्कर्ष : अधिकाधिक क्रियाशील गट मिळविणे एवढेच उद्दिष्ट पुरेसे नाही. तंतूचे बळ, अभिकारकाची पुनःप्राप्ती व शोषकाचा पुनर्वापर या तीन कसोट्यांवर प्रत्येक नवे अनुजात तपासले गेले पाहिजे.