दुसऱ्यांना जपणाऱ्यांचा थकवा

बदलापूरच्या शिरगावातून पहाटेची लोकल गाठणाऱ्यांत सिस्टर, आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार पुष्कळ असतात. कुणी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, कुणी कळव्याला, कुणी थेट मुंबईत. नाईट करून बाई घरी परतते, तेव्हा घरातले म्हणतात, "हल्ली हिची फार चिडचिड होते." आम्हाला या चिडचिडीविषयीच लिहायचे आहे. कारण तो स्वभाव नव्हे.

न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ आपला दिवसभराचा व्यवसाय आटोपून काम करीत. मनापासून झटणारी माणसेच तेथे विझत चाललेली त्यांनी पाहिली. १९७४ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि 'बर्नआउट' हे नाव रूढ झाले. आपण त्याला करपणे म्हणू. भाकरी तव्यावर जास्त वेळ राहिली की करपते; त्यात पिठाचा दोष नसतो.

पुढे ख्रिस्तिना मास्लाक या विदुषींनी त्याची तीन लक्षणे सांगितली. मन रिकामे होते, सुट्टी घेऊनही थकवा जात नाही. रोगी हा माणूस न वाटता नुसता बेड नंबर वाटू लागतो. आणि आपल्या हातून काही चांगले घडतच नाही असे वाटत राहते. यातले मधले लक्षण लोकांना सर्वांत जास्त खुपते. "सिस्टर अंगावर खेकसली" ही तक्रार आपणही केलेली असते. ती खेकसली हे खरे, रोग्याला ते सोसावे लागले हेही खरे. पण त्या पाळीत तिच्याकडे किती रोगी होते, हे आपण विचारत नाही.

अमेरिकेत लिंडा एकन यांनी हेच विचारले. पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा त्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेमागे एक रोगी वाढला, की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत रोगी दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिका करपण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. म्हणजे हा प्रश्न एकट्या सिस्टरचा नाही, खाटेवरच्या आपल्या आईचाही आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रोग्यांमागे एक परिचारिका असा आहे. वाचकांनी आपल्या पाहण्यातला सरकारी वॉर्ड आठवावा. जमिनीवर गादी टाकून झोपवलेले रोगीही मोजावेत!

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रोगी दगावले. ठाण्याच्या सिव्हिलची जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचे काम तेव्हा चालू होते आणि जिल्ह्याचा भार कळव्यावर येऊन पडला होता. चौकशी समिती नेमली गेली. नातेवाइकांचा आक्रोश रास्तच होता. पण ते मृत्यू डोळ्यांदेखत पाहून पुन्हा त्याच वॉर्डात ड्युटीवर उभे राहणाऱ्यांच्या मनाची चौकशी कोण करणार?

आशाताईंची गोष्ट निराळी नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मानधनवाढीसाठी त्यांनाच शहापूरहून ठाण्यापर्यंत पायी चालावे लागले. कंत्राटावरच्या आयांना आणि सफाई कामगारांना तर गौरवही नाही.

याच जागतिक संघटनेने २०१९ साली स्पष्ट केले, की बर्नआउट हा आजार नसून कामाच्या ठिकाणी उपजणारी स्थिती आहे. तेव्हा "थोडे ध्यान करा" असा सल्ला देऊन कोणत्याही रुग्णालयाने मोकळे होऊ नये. ध्यानाचे मोल आम्ही जाणतो. पण ध्यानाने रिकामी पदे भरत नाहीत. ती भरून घेण्यासाठी रोग्यांच्या नातेवाइकांनीही कर्मचाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

घरात मात्र आजच काही करता येते. नाईट करून आलेल्या बाईने आधी झोपावे, मग डब्याचे बघू. खोलीत अंधार करावा, टीव्ही बंद ठेवावा, पाणी भरण्याचे काम नवऱ्याने किंवा मोठ्या मुलाने उचलावे. झोप उडाली, सारखे रडू येऊ लागले, जगणे नको वाटू लागले, तर वाट पाहू नये. सरकारची 'टेलि मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते; पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते.