आम्ही काठमांडू पाहिले

परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विमान येते, इंग्रजी बोलणारी माणसे येतात, आणि खर्चाचा आकडा ऐकला की माणूस गप्प बसतो. पण एक परदेश असा आहे की तिथे आगगाडीने आणि बसने जाता येते. तिथल्या पाट्या आपल्याच अक्षरांत असतात. त्या देशाचे नाव नेपाळ, आणि त्याची राजधानी काठमांडू. आम्ही उभयता २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे जाऊन आलो. देशाबाहेर पाऊल टाकण्याची दोघांचीही ती पहिलीच वेळ. तिथे काय पाहिले आणि जाण्याआधी काय माहीत असावे, ते तुम्हाला सांगतो.

आधी कागदांचे बघू. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला. त्यामुळे आपल्याला तिथे जायला व्हिसा, म्हणजे परवाना, काढावा लागत नाही. पण ओळखीचा पुरावा लागतो, आणि तो कोणताही चालत नाही. पासपोर्ट चालतो, किंवा निवडणूक आयोगाने दिलेले मतदार ओळखपत्र चालते. आपण जिथे तिथे आधार कार्ड पुढे करतो ना? ते इथे सगळ्यांना चालत नाही. ६५ वर्षांवरच्या माणसांना आणि १५ वर्षांखालच्या मुलांना तेवढी सवलत आहे. विमानाने जाणाऱ्यांची तर फार कडक तपासणी होते. तेव्हा मतदानाचे कार्ड ट्रंकेत तळाशी पडले असेल तर ते आधी शोधून काढा. त्यावरचे नाव नीट वाचा. नाव चुकले असेल तर निघण्याआधी दुरुस्त करून घ्या.

मुंबईहून काठमांडूला विमानाने जवळजवळ तीन तास लागतात. आम्ही आगगाडीने गेलो. मुंबईहून नाशिक, भुसावळ, भोपाळ, लखनौ असे करत गाडी गोरखपूरला पोचते. तिथून बसने सोनौली. सोनौली हे आपले शेवटचे गाव. समोर एक कमान आहे. कमानीच्या अलीकडे भारत, पलीकडे नेपाळ. सायकलरिक्षा, मालाचे ट्रक, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया, सगळे त्या कमानीखालून ये-जा करत असतात. सौ. मध्येच थांबली आणि म्हणाली, "अहो, परदेश तो हाच का? मला वाटलं काहीतरी मोठी भिंत असेल."

पलीकडे गेल्यावर पहिली गोष्ट करायची, ती म्हणजे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे लावायचे. आपल्याकडे दहा वाजतात तेव्हा नेपाळात सव्वादहा झालेले असतात. पंधरा मिनिटांनी काय होते, असे म्हणू नका. बस चुकते!

दुसरी गोष्ट पैशाची. नेपाळातही रुपयाच आहे, पण तो वेगळा. आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० रुपये होतात. हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे, तो रोज बदलत नाही. हिशेब सोपा आहे. आपले पाच म्हणजे त्यांचे आठ. दुकानदाराने ३२० रुपये सांगितले तर आधी विचारायचे, आय.सी. की एन.सी.? आय.सी. म्हणजे भारतीय पैसा, एन.सी. म्हणजे नेपाळी पैसा. नेपाळी ३२० म्हणजे आपले २००. हे न विचारता आपले ३२० देणारा माणूस १२० रुपयांना बुडतो. आम्ही शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा नेल्या होत्या. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून निघताना बँकेत विचारून घ्यावे. नेपाळी नोटेवर सागरमाथ्याचे, म्हणजे एव्हरेस्ट शिखराचे चित्र असते आणि आकडे आपल्यासारखेच लिहिलेले असतात.

आता अक्षरांचे सांगतो. मला त्याचेच सर्वांत जास्त कौतुक वाटले. नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात. आमच्या सौ.ला लहानपणी शाळा मिळाली नाही. १९९० नंतर गावोगावी साक्षरतेचे वर्ग निघाले, त्या वर्गात ती कंदिलाच्या उजेडात बाराखडी शिकली. मुंबईत गेलो की पुष्कळ पाट्या इंग्रजीत असतात, तिथे ती माझ्या मागे मागे चालते. काठमांडूत ती माझ्या पुढे चालत होती! बसच्या खिडकीतून एकेक पाटी मोठ्याने वाचत होती. शहराचे नाव तिथे 'काठमाडौं' असे लिहितात. 'पसल' म्हणजे दुकान. 'खानेपानी' म्हणजे पिण्याचे पाणी. 'प्रहरी' म्हणजे पोलीस. 'भन्सार' म्हणजे जकात. 'निकास' म्हणजे बाहेर जायची वाट. काही शब्द तर आपल्या घरचेच वाटतात. आपण 'किती' म्हणतो, ते 'कति' म्हणतात. आपली 'वाट', त्यांची 'बाटो'. पण सगळ्यांवर भरवसा ठेवू नका. 'मीठो' म्हणजे खारट नव्हे, 'मीठो' म्हणजे चवदार. दोन दिवसांनी सौ.ने एक शोध लावला. "यांच्या पाट्यांत ळ कुठंच नाही हो." खरेच, नेपाळीत ळ नाही. मी शाळामास्तर, पण हे तिच्या आधी माझ्या ध्यानात आले नव्हते.

तिकिटावरची तारीख पाहून मात्र ती चपापली. तिथे २०८० साल छापले होते. नेपाळात सरकारी कामाला विक्रम संवत चालतो. त्यांचे वर्ष आपल्या एप्रिलच्या मध्यावर बदलते.

सीमेपासून काठमांडूपर्यंत बसला सारा दिवस लागतो. आधी सपाट मुलूख, मग डोंगर. रस्ता त्रिशूली नदीच्या काठाने वर वर जातो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल नदी. हा रस्ता पावसाळ्यात धोक्याचा असतो. २०२४ च्या जुलैत दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूलीत वाहून गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातले यात्रेकरू घेऊन जाणारी एक बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ माणसे गेली. श्रावणात देवदर्शन करावे असे आपल्याला वाटते, ते खरे. पण तिकडच्या डोंगरात तो दरडींचा महिना असतो. जायचे तर दिवाळीनंतर किंवा फाल्गुन-चैत्रात जावे, आणि घाटातला प्रवास दिवसाउजेडी करावा. रात्रीची बस स्वस्त पडत असेल, तरी नको.

काठमांडू हे खोऱ्यात वसलेले शहर आहे. चोहीकडे डोंगर, मध्ये परातीसारखी सपाट जागा. उंची साधारण आपल्या महाबळेश्वराइतकी, १,४०० मीटरच्या आसपास. सकाळी थंडी बोचते. थंडीच्या दिवसांत धूळ आणि धूर खोऱ्यात कोंडून राहतो, त्यामुळे ज्याला दम्याचा त्रास आहे त्याने तोंडाला फडके बांधावे.

पहिल्या दिवशी पशुपतिनाथ. बागमती नदीच्या काठी हे मंदिर आहे. आपल्यासारखे दगडी शिखर नाही. एकावर एक अशी दोन उतरती छपरे, त्यांवर सोन्याचा मुलामा, आणि दारे चांदीने मढवलेली. आतल्या शिवलिंगाला चार दिशांना चार मुखे आहेत. गंमत अशी की इथले मुख्य पुजारी नेपाळी नसतात, दक्षिण भारतातून आलेले भट्ट असतात. आत चामड्याची वस्तू नेता येत नाही, कमरेचा पट्टासुद्धा. फोटो काढता येत नाही. हिंदूंशिवाय इतरांना मुख्य मंदिरात सोडत नाहीत. हा नियम मला काही पटला नाही, पण तो आहे, म्हणून सांगून ठेवतो.

मंदिराला लागूनच नदीचा घाट आहे, आणि घाटावर चिता जळत असतात. इकडे आरती, तिकडे चिता. एका म्हाताऱ्या बाईला तिच्या मुलांनी शेवटी नदीकाठी आणून ठेवले होते. पाय पाण्याकडे केले होते. सौ. बराच वेळ पलीकडच्या पायऱ्यांवर बसून राहिली. मीही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बौद्धांची दोन मोठी ठिकाणे पाहिली. बौद्धनाथचा स्तूप म्हणजे केवढा तरी पांढरा घुमट, आणि त्यावर चार बाजूंना रंगवलेले डोळे. लोक उजवीकडून प्रदक्षिणा घालतात आणि वाटेतली मंत्रांची चाके हाताने फिरवतात. स्वयंभूचा स्तूप टेकडीवर आहे, त्याला ३६५ पायऱ्या. त्या डोळ्यांच्या खाली नाकाच्या जागी एक वळणदार खूण असते. सौ. म्हणाली, "हा तर एक आहे." बरोबर. देवनागरीतला तो १ आहे, असेच तिथले लोक सांगतात. आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. १९५६ च्या नोव्हेंबरात जगातल्या बौद्धांची परिषद काठमांडूत भरली होती. नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यावर थोड्याच दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या परिषदेला गेले होते. बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर ते तिथे बोलले. पुढे तीन आठवड्यांच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचे निधन झाले.

स्वयंभूला माकडे फार. एकाने सौ.च्या हातातली पिशवी ओढली आणि झाडावर नेली. पिशवीत केळी होती. त्याचे काही वाटले नाही. पण तिच्या रक्तदाबाच्या गोळ्याही त्यातच होत्या. परक्या मुलखात औषधाशिवाय तीन दिवस कसे काढायचे? मी पोलिसाला विचारावे म्हणून इकडे तिकडे पाहू लागलो. तोवर ती पायऱ्या उतरून रस्त्यापलीकडे गेली होती. तिथे पाटी होती 'औषधि पसल'. औषधाचे दुकान! डॉक्टरांची चिठ्ठी तिने वेगळी, कमरेच्या चंचीत ठेवली होती. दुकानदाराने चिठ्ठी पाहिली, तिने गोळीचे नाव आणि पाकिटावरची तारीख वाचून घेतली, आठाला पाचचा हिशेब केला आणि पैसे दिले. तिथे बहुतेकांना हिंदी समजते, त्यामुळे बोलण्याची अडचण आली नाही. तुम्हीही औषधाची चिठ्ठी गोळ्यांपासून वेगळी ठेवा.

आता भूकंपाचे. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास नेपाळात मोठा भूकंप झाला. तीव्रता ७.८ होती. जवळजवळ ९,००० माणसे गेली. आपल्याकडे १९९३ साली किल्लारीला झाले ते ज्यांनी पाहिले, त्यांना वेगळे सांगायला नको. तिथेही माती-विटांची जुनी घरे आधी पडली. पण एक गोष्ट घडली. तो दिवस शनिवार होता. नेपाळात तेव्हा साप्ताहिक सुटी रविवारी नसे, शनिवारी असे. हजारो शाळाखोल्या कोसळल्या, पण त्या रिकाम्या होत्या. जन्मभर शाळेत काढलेल्या माणसाच्या अंगावर हे ऐकून काटा येतो.

जुन्या राजवाड्याच्या चौकात काष्ठमंडप नावाची लाकडी इमारत होती. तिच्यावरूनच शहराला नाव पडले. ती त्या दिवशी जमीनदोस्त झाली. आता जुन्या पद्धतीने पुन्हा बांधली आहे. धरहरा नावाचा उंच पांढरा मनोरा १९३४ च्या भूकंपात पडला होता, तो बांधला, २०१५ मध्ये पुन्हा पडला. २०२१ साली नवा उभा राहिला. जुन्याचा मोडका बुंधा शेजारी तसाच जपून ठेवला आहे. मला तो नव्या मनोऱ्यापेक्षा जास्त पाहण्यासारखा वाटला. गल्ल्यांतून काही घरांना अजून लाकडी टेकू लावलेले दिसले.

त्याच चौकात कुमारीचे घर आहे. लहान मुलीला देवी मानून तिथे ठेवतात. वयात आली की ती परत आपल्या आईबापांकडे जाते, आणि दुसरी मुलगी येते. ती क्षणभर खिडकीत आली, लोकांनी हात जोडले. सौ.ने विचारले, "हिला शाळा?" तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निकाल दिला की कुमारीचे शिक्षण अडवता येणार नाही. आता तिला घरी शिकवायला शिक्षक येतात. बरोबर खेळायला वर्गातली मुले नाहीत, ते आहेच.

त्याच २००८ साली नेपाळातले राजेपण संपले आणि लोकांचे राज्य आले. तेही सोपे गेलेले नाही. २०२५ च्या सप्टेंबरात तरुणांचे आंदोलन पेटले, बरीच माणसे मेली, संसदेची इमारत आणि सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबार जळाला, आणि पंतप्रधानांना जावे लागले. तेव्हा निघण्याआधी आठवडाभर वर्तमानपत्र वाचत जा.

जेवणाचे थोडक्यात. दाल, भात आणि तरकारी सगळीकडे मिळते, आणि भात पुन्हा पुन्हा वाढतात. मोमो म्हणजे वाफवलेले मोदकच, पण आत बहुधा म्हशीचे किंवा कोंबडीचे मांस असते. शाकाहारी माणसाने विचारूनच तोंडात घालावे. भाकरी नाही. आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी होती, तिच्यावर चौथा दिवस निघाला.

परतताना सोनौलीच्या कमानीखाली सौ.ने स्वतःच घड्याळ पंधरा मिनिटे मागे केले. उरलेल्या नेपाळी नोटा तिने अलीकडेच बदलून घेतल्या. दहाची एक ठेवली, नातवाला आकडे वाचायला.