आधी क्लब, मग कोर्ट

पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर बेटावरची गरीब कुटुंबं न्यूयॉर्कला निघाली तेव्हा व्हिसाची भानगड नव्हती. विमानाचं तिकीट काढलं की झालं. भानगड सुरू व्हायची ती मुलाला शाळेत घातल्यावर. इंग्रजी येत नाही म्हणजे डोक्याने बेताचा, असा शाळांचा सरळ हिशेब. हुशार पोरालाही 'कॉलेजचं कशाला मनात आणतोस, हाताचं काम शीक' असा सल्ला मिळे.

आंतोनिया पांतोहा सान हुआनच्या कष्टकरी वस्तीतल्या. बेटावर शिक्षिका होत्या. १९४४ मध्ये न्यूयॉर्कला आल्या आणि कारखान्यात लागल्या. पुढे हंटर कॉलेज, मग कोलंबिया विद्यापीठात समाजकार्याचं शिक्षण. १९६१ मध्ये त्यांनी 'आस्पिरा' ही संस्था उभी केली.

परमुलखातल्या समाजसंस्थांचं एक ठरलेलं असतं: सणाला नाचगाणी, गुणवंतांचा सत्कार, गरजूंना मदत. पांतोहाबाईंनी मात्र थेट शाळांमध्ये मुलांचे क्लब काढले. पदाधिकारी विद्यार्थीच, तेही निवडून आलेले. कामाची रीत तीन पायऱ्यांची: आधी जाणीव, मग विश्लेषण, मग कृती. म्हणजे शाळेतल्या एकाही शिक्षकाला स्पॅनिश का येत नाही, याची नुसती कुरकुर करायची नाही. नेमणुका कोण करतं ते शोधायचं आणि त्याच्यापुढे जाऊन बसायचं. पुढारीपण शिकवायचा याहून बरा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

या मुलांना 'आस्पिरांते' म्हणतात. नव्यांना सामील करून घेण्याच्या सोहळ्याचं नाव 'अरेइतो', बेटावरच्या मूळ ताइनो लोकांच्या समारंभावरून घेतलेलं. बाहेरच्याला हे जरा नाटकी वाटेल. पण ज्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात त्यांचं बेटच नाही, त्यांना एवढं नाटक हवंच. संस्थेचं चिन्ह आहे पितिरे हा चिमुकला पक्षी. आपल्याकडचा कोतवाल घारीच्या मागे लागतो, तसा हा ससाण्यावर तुटून पडतो.

या क्लबांतून आयदा आल्व्हारेझ क्लिंटन यांच्या मंत्रिमंडळापर्यंत पोचल्या, फर्नांदो फेरेर यांनी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढवली. अशी नावं स्मरणिकेत शोभतात. संस्थेचं मोठं काम मात्र कोर्टात झालं.

इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी १९७२ मध्ये आस्पिराने न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळावर दावा लावला. ऑगस्ट १९७४ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला: ज्या मुलांना इंग्रजीमुळे वर्गात काही कळत नाही, त्यांना इतर विषय स्पॅनिशमधून शिकवायचे आणि सोबत इंग्रजीही पक्कं करून घ्यायचं. मागणी याहून मोठी होती. त्यात चाळणीही लागली. मुलाची इंग्रजीची परीक्षा घ्यायची. तीत तो फार मागे पडला तर स्पॅनिशची घ्यायची. तीत जास्त चमकला तरच तो पात्र. दोन्ही भाषांत कच्चं असलेलं पोर, म्हणजे ज्याला आधाराची सगळ्यांत जास्त गरज, नेमकं तेच बाहेर. तडजोडीची ही किंमत मला जबर वाटते.

आणि हुकूमनामा झाला म्हणून मंडळ हललं, असंही नाही. अंमलबजावणी रेंगाळली, आस्पिरा पुन्हा कोर्टात गेली. १९७६ मध्ये न्यायाधीश मार्विन फ्रँकेल यांनी शिक्षण मंडळाला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं.