रेडिमेड गेमिंग पीसी घेताय? आधी पंखे बघा

कोडोली-वारणानगरकडची पोरं दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात, रात्री त्याच पीसीवर गेम खेळतात. घरात सगळे झोपलेले असताना घरघरणारा पीसी नकोच. त्यामुळे रंगीत लाइटवर भाळू नका, पंखे बघा. १२० मिमीचा पंखा कमी फेऱ्यांत ८० मिमीच्या पंख्याएवढीच हवा ओढतो, म्हणून आवाज कमी. कॅबिनेटच्या पुढं बंद काच नको, जाळी हवी, आणि तिच्यामागं काढून झाडता येणारा फिल्टर. आपल्याकडं ऊस तुटल्यावर पाला पेटवतात, ती काळी राख थेट आत जाऊन बसते.

ग्राफिक्स कार्ड कमी वीज खाणारं घ्या. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, ३०६० ला १७०. वीज कमी म्हणजे उष्णता कमी, पंखा शांत. फक्त ४०६० ला मेमरी ८ जीबीच आहे, १२ जीबीचं ३०६० फोर-के एडिटिंगला अजूनही कामाला येतं.

इंटेलचा प्रोसेसर असेल तर नावाच्या शेवटी 'एफ' नको. त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं, त्यामुळं क्विक सिंकही मिळत नाही, आणि मोबाइल-ड्रोनचे व्हिडिओ टाइमलाइनवर सुरळीत चालवायला त्याची चांगली मदत होते. रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या.

कोटेशनवर नुसतं '५०० वॅट एसएमपीएस' लिहिलं असेल तर कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या. दुकानदार इथंच पैसे वाचवतात.

कोल्हापूरला दुकानात गेलात की अर्धा तास गेम चालवायला लावा, कॅबिनेटजवळ कान द्या, मगच पैसे मोजा.