हुकमाचं संगीत

टायटन घड्याळाच्या जाहिरातीतली ती धून आठवतेय ना? ती मोझार्टची. मोझार्ट असा आपल्या घरात आला, पण तो ज्यांना वडीलकीचा मान द्यायचा ते योझेफ हायडन मात्र उंबऱ्याबाहेरच राहिले. मला या माणसाचं भारी कौतुक.

ऑस्ट्रियातल्या खेड्यात १७३२ साली जन्म. वडील गाड्यांची चाकं करायचे, आई लग्नाआधी सरदाराच्या वाड्यावर स्वयंपाकीण. १७६१ मध्ये ते एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत लागले. दरबारी पोशाख घालून रोज हजर व्हायचं, हुकूम विचारायचा आणि लिहिलेलं सगळं मालकाचं! प्रिन्स निकोलस बॅरिटॉन नावाचं तंतुवाद्य वाजवायचे. त्यासाठी हायडननी तिघांनी वाजवायच्या सव्वाशेच्या आसपास रचना केल्या. तरी १७६५ मध्ये ‘कमी लिहिता’ म्हणून बोलणी खाल्लीच. शिवाय शंभरावर सिंफनी, ६८ स्ट्रिंग क्वार्टेट, ऑपेरा, चर्चसंगीत, अगदी कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचंही संगीत!

१७७२ मध्ये उन्हाळी महालातला मुक्काम फार लांबला. बहुतेक वादकांना बायकामुलं आणायची परवानगी नव्हती. रजा मागणार कोण? हायडननी सिंफनीच लिहिली. शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून उठून जातो, उरतात फक्त दोन व्हायोलिनं. मालक काय ते समजले. दुसऱ्या दिवशी मंडळी घराकडे निघाली, असं सांगतात.

पियानोच्या कितीतरी रचना त्यांनी बायकांसाठी केल्या. व्हिएन्नातली मारिआन फॉन गेंझिंगर ही डॉक्टरांची पत्नी, लेकुरवाळी, पण पियानोत तरबेज. १७९० मध्ये हायडननी तिला सोनाटा पाठवला, तर बाईंनी कळवलं, हातावरून हात नेऊन वाजवायचा भाग मला जड जातो, बदलून द्या! एवढ्या मोठ्या माणसाला असं लिहायला धीर लागतो बरं का.

घरी मात्र सूर जुळले नाहीत. मन होतं धाकट्या बहिणीवर. ती नन झाली आणि १७६० मध्ये लग्न झालं थोरलीशी, मारिया आनाशी. ती नवऱ्याच्या संगीताचे कागद केस कुरळे करायला वापरायची, असं चरित्रकार लिहितात. तिची बाजू कुणी लिहून ठेवलीच नाही. दुसरीच्या जागी आलेली ती बाई, किती गोड बोलणार?

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर ती निरोपाची, ४५ क्रमांकाची सिंफनी ऐका. पोळ्या लाटताना सुरुवात चालेल, शेवटची काही मिनिटं मात्र गॅस बंद करून बसा.