तर्काचे बीजगणित: शून्य-एकापलीकडे

जालना, अंबड किंवा परतूर येथील बारावी विज्ञानाचा विद्यार्थी गणिताच्या पहिल्याच प्रकरणात तर्कशास्त्र शिकतो, सत्यता सारण्या भरतो, परिपथातील कळांच्या जोडण्या विधानांच्या रूपात लिहितो आणि ‘तर्काचे बीजगणित म्हणजे 0 आणि 1 एवढेच’ हा समज पक्का करून पुढे जातो. वारंवार ऐकू येणारा हा समज निखालस चुकीचा असून तो खोडण्यास शाळेतील लसावि आणि मसावि पुरेसे आहेत.

30 चे विभाजक आठ आहेत: 1, 2, 3, 5, 6, 10, 15, 30. ‘किंवा’साठी लसावि, ‘आणि’साठी मसावि, तर नकारासाठी 30 ला त्या संख्येने भागून येणारा भागाकार घेतला, की 6 चा नकार 5 ठरतो, त्यांचा मसावि 1, म्हणजे असत्य, आणि लसावि 30, म्हणजे सत्य. तर्काच्या बीजगणिताचे, म्हणजेच बूलच्या बीजगणिताचे, सर्व नियम या आठ घटकांना लागू पडतात.

12 च्या विभाजकांत मात्र 2 शी मसावि 1 आणि लसावि 12 देणारी संख्याच नाही. तेथे ‘मसावि 1 ठेवणारा सर्वांत मोठा विभाजक’ असा नकाराचा अर्थ घेतला, तर 2 चा नकार 3 आणि 3 चा नकार 4 येतो. म्हणजे नकाराचा नकार मूळ विधानावर परतत नाही, आणि 2 व 3 यांचा लसावि 6 असल्याने ‘विधान किंवा त्याचा नकार खरा असतोच’ हा नियमही टिकत नाही. ही आकडेमोडीची चूक नव्हे. आरेंड हेटिंग यांनी 1930 मध्ये नियमबद्ध केलेल्या, सिद्धतेलाच सत्याची कसोटी मानणाऱ्या अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्राचे सर्व नियम ही रचना पाळते. म्हणूनच त्या तर्कशास्त्रातून वरील नियम सिद्ध करता येत नाही, हे अवघ्या सहा संख्या दाखवून देतात.

इतर गैरसमज थोडक्यात:

‘बूलचे बीजगणित संगणकासाठी शोधले गेले.’ जॉर्ज बूल यांचे पहिले पुस्तक 1847 चे आहे. क्लॉड शॅनन यांनी या बीजगणिताचा विद्युत परिपथांशी जोडलेला संबंध 1938 मध्ये प्रसिद्ध झाला.

‘1 + 1 = 1 हे गणिताविरुद्ध आहे.’ येथे अधिक चिन्हाचा अर्थ बेरीज नसून ‘किंवा’ आहे.

‘न्यायदर्शनात हे सारे होतेच.’ पंचावयवी अनुमानाचे मोल मोठे आहे, परंतु चिन्हांची समीकरणे सोडवून निष्कर्ष काढण्याची रीत त्यात नाही.

सत्यता सारणी टाकाऊ नाही. ती केवळ दोन घटकांच्या बीजगणिताचा हिशेब मांडते, हे पहिल्याच तासाला सांगितले गेले पाहिजे.