गोचीड भिंतीत राहते

माझं माहेर दोडामार्ग तालुक्यातलं. संध्याकाळी गुरं गोठ्यात आली की आई कपिलेच्या मानेखाली, कासेच्या कडेने, शेपटीच्या बुडाशी हात फिरवायची. बोटांना गाठ लागली की हात थांबायचा. शेजारी करवंटीत तळाला थोडं रॉकेल असायचं. गोचीड मुळापासून ओढायची आणि त्यात टाकायची. मला त्या करवंटीकडे बघवत नसे. लग्न होऊन पुण्याला आले, स्वारगेटला संसार झाला, शाळेत मुलांना शिकवता शिकवता निवृत्तही झाले. ती करवंटी पार विसरले होते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आठवली.

एसटी स्टँडपासून दहा मिनिटांवर, मुकुंदनगरच्या बाजूला, आमचं जुनं तळमजल्याचं घर आहे. पुढे छोटं अंगण, शहाबादी फरशी, कडेला दगडी कुंपण आणि एक पारिजातक. आमची कुत्री मोती सात वर्षांपूर्वी स्टँडवर सापडली. बसच्या चाकाजवळ बसून थरथरत होती, तशीच पदरात घेऊन आले. त्या एप्रिलमध्ये रात्री वीज गेली म्हणून मी टॉर्च लावला आणि उजेड स्विचबोर्डच्या शेजारी भिंतीवर पडला. एरंडीच्या बीएवढी, राखाडी रंगाची एक टम्म गोचीड सावकाश छताकडे चढत होती. पडद्याच्या शिवणीवर टॉर्च नेला, तर तिथे खसखशीच्या दाण्यांसारखे ठिपके, आणि ते चालत होते.

मोतीच्या अंगावरच्या गोचिडी मी महिनाभर वेचतच होते. रोज वेचायच्या आणि रोज नव्या निघायच्या. त्या कुठून येतात, याचं उत्तर त्या रात्री भिंतीवर मिळालं. आपण गोचीड कुत्र्याच्या अंगावर शोधतो, पण तिचं बिऱ्हाड कुत्र्यावर नसतं. ती राहते आपल्या घरात आणि जेवायला तेवढी कुत्र्यावर येते.

तीन जेवणांचं आयुष्य

शहरातल्या कुत्र्यांवर सहसा सापडते ती तपकिरी गोचीड. तिच्या आयुष्यात मोजून तीन जेवणं असतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा पायांचं असतं. ते कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं आणि खाली उतरतं. फटीत बसून कात टाकतं, की आठ पायांचं होतं. पुन्हा चढतं, पितं, उतरतं, कात टाकतं. तिसऱ्या खेपेला चढते ती पूर्ण वाढलेली गोचीड. मादी पोट भरलं की अंग सोडते, भिंतीवर चढते, चौकटीमागे किंवा प्लास्टरच्या भेगेत शिरते, तिथे हजारांच्या संख्येने अंडी घालते आणि मरते. पुण्याच्या उन्हाळ्यासारख्या उबेत हा सगळा फेरा दोन-तीन महिन्यांत पुरा होतो. कुत्रा मिळाला नाही, तर पूर्ण वाढलेली गोचीड कित्येक महिने उपाशी राहून वाट बघते. ‘घर बंद ठेवून गावाला जाऊन आलो, आता संपल्या असतील’ असं म्हणणाऱ्यांचा म्हणूनच हमखास घोटाळा होतो.

परदेशातले लेख वाचून बागेतलं गवत छाटणारे लोक मला भेटतात. तिकडची गोचीड मुख्यतः रानातली, हरणांच्या वाटेवर गवताच्या टोकाला बसणारी. तिथे गवत कापणं हाच मोठा उपाय आहे. आपली शहरी गोचीड वेगळी. तिला गवत लागत नाही. खडबडीत भिंत, पलंगाखालचा काळोख आणि एक कुत्रा एवढ्यावर तिचं भागतं. तिच्याशी झुंज अंगणाच्या फरशीवर आणि घराच्या भेगांत करावी लागते.

मोती आजारी पडली तेव्हा

त्याच आठवड्यात मोतीने खाणं सोडलं. अंग तापलं होतं, हिरड्या पांढुरक्या दिसत होत्या. एका सकाळी तिच्या नाकातून रक्ताचा थेंब फरशीवर पडला आणि माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्लेटलेट तीस हजारांच्याही खाली गेल्या होत्या. निरोगी कुत्र्यात त्या दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतात. आजाराचं नाव एर्लिकिया. गोचीड चावताना जे जंतू रक्तात सोडते, ते पांढऱ्या पेशींत घर करतात. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवस द्यायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिने भाताचं पाणी चाटलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

गोचिडीतूनच होणारा दुसरा आजार बबेसिया. त्यात तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी गडद, कॉफीच्या रंगाची होते. कुत्रं सुस्त झालं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं, लघवीचा रंग बदलला, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘उन्हाने मलूल झालंय’ म्हणत मी दोन दिवस घालवले होते, ते आजही मनाला लागून राहिलंय.

आजारपणाआधीची माझी आणखी एक चूक सांगते, कारण ती घरोघरी होते. एका दुकानदाराने गुरांच्या गोचिडीवरचं औषध दिलं आणि ‘बादलीत टाकून अंघोळ घाला’ म्हणाला. माप नाही, कागद नाही. मोतीच्या तोंडाला लाळ सुटली, पाय लटपटले. लगेच साध्या पाण्याने धुतलं म्हणून निभावलं. गुरांच्या औषधाची मात्रा गुरांच्या वजनावर ठरलेली असते. अमिट्राझसारखी औषधं पशुवैद्याला विचारल्याशिवाय वापरू नयेत. ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांनी तर परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजरीच्या आसपाससुद्धा आणू नये. मांजरीच्या जिवावर बेतू शकतं. कोली जातीच्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनही घातक ठरू शकतं. आता मोतीला वजनानुसार खायची गोळी मिळते. फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर ही त्या गटातली नावं. कुत्र्याला फिट येत असतील तर ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना तसं जरूर सांगा.

घर लढवायचं ते असं

औषध कुत्र्याला आणि काम घरात, दोन्ही एकाच दिवशी सुरू करायचं. आम्ही मोतीचं अंथरूण, पडद्यांसकट, उकळत्या पाण्यात काढलं आणि मे महिन्याच्या उन्हात दिवसभर तापवलं. पलंग, कपाट भिंतीपासून हातभर ओढलं. दाराच्या चौकटी, स्विचबोर्डच्या कडा, फरशीचे सांधे पांढऱ्या सिमेंटने बुजवले. कुंपणाच्या दगडांतल्या खाचा चुना-सिमेंटने भरल्या. फवारणी परवानाधारक माणसाकडून करून घेतली आणि औषध वाळेपर्यंत आम्ही सगळे, मोतीसकट, बाहेर राहिलो. अंड्यांवर फवारणी फारशी चालत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा केली. झाडू मारलेला कचरा डब्यात न टाकता पिशवीत घट्ट बांधून लगेच बाहेर दिला.

तरी जूनमध्ये दोन गोचिडी निघाल्या. कारण फाटकाबाहेर चार कुत्री झोपतात. त्यांना हाकलून उपयोग नव्हता, त्यांच्या जागी दुसरी आली असती. गल्लीत त्यांना भाकरी घालणाऱ्या दोन मुली आहेत. त्यांना घेऊन पशुवैद्याकडे गेलो, प्रत्येक कुत्र्याचं अंदाजे वजन सांगितलं आणि सहा घरांनी वर्गणी काढून गोळ्या आणल्या. अंड्याच्या तुकड्यात घालून त्या दिल्या. चारही कुत्री निर्बीज होतीच. त्यानंतर पावसाळाभर माझ्या भिंतीवर एकही राखाडी बी दिसली नाही. एका घराने कितीही केलं तरी पुरत नाही, गल्लीने करावं लागतं, हे मला त्या चार कुत्र्यांनी शिकवलं.

माणसांचं काय

मे महिन्यात नातवाच्या कानामागे गोचीड सापडली. सून काडी पेटवायला निघाली होती. काडी, रॉकेल, मीठ, तेल यांतलं काहीच लावायचं नाही. चिडलेली गोचीड आपल्या तोंडातलं आणि पोटातलं जखमेत ओतते. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, कातडीला टेकवून तिचं तोंड पकडायचं आणि न पिळता, न झटकता सरळ वर ओढायचं. मग साबणाने जागा धुवायची, गोचीड स्पिरिटमध्ये टाकायची. नखांनी चिरडायची मुळीच नाही. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबादजवळ गोचिडीतून पसरणाऱ्या क्रायमियन-काँगो तापाने बळी गेले. त्यांत उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही होत्या. तो ताप गुरांवरच्या वेगळ्या गोचिडीचा. पण गुरांत राहणारी कितीतरी माणसं आजही गोचीड नखावर फोडतात, म्हणून सांगते.

कडक उन्हाळ्यात माणसांना जास्त जपायला हवं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये तपकिरी गोचिडीपुढे एका बाजूला कुत्रा आणि दुसऱ्या बाजूला माणूस ठेवून पाहिलं. तापमान ३८ अंशांपर्यंत गेलं, तेव्हा माणसाकडे वळणाऱ्या गोचिडी दुपटीहून जास्त झाल्या. पुण्याचा एप्रिल त्या आकड्याला दरवर्षी शिवतो. मुलं अंगणातून आली की कानामागे, काखेत, कमरेला, केसांच्या मुळाशी बघा. चावल्यानंतरच्या दिवसांत ताप आला, अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ आलं, तर डॉक्टरांना ‘गोचीड चावली होती’ हे आपणहून सांगा. त्या एका वाक्याने योग्य औषध वेळेवर सुरू होतं.

काजूच्या बागेतला ताप

माझ्या माहेरी मात्र गोष्ट याहून गंभीर आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. तो विषाणू शोधला पुण्याच्या शास्त्रज्ञांनी. १९५२ मध्ये सुरू झालेलं इथलं विषाणू संशोधन केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. आंबेडकर रस्त्यावरची ती इमारत माझ्या घरापासून काही मैलांवरच आहे. पुढे हा आजार घाटाघाटाने सरकत गोव्यात सत्तरी तालुक्यात आला आणि २०१६ मध्ये दोडामार्गला. तिकडे त्याला माकडताप म्हणतात. रानातल्या गोचिडीची तिळाएवढी पिल्लं तो पसरवतात, जानेवारी ते मे या काळात. नेमका तोच काजू वेचायचा हंगाम. लागण झालेल्या शंभरातले तीन ते पाच दगावतात. त्यावर नेमकं औषध नाही. वेळेवर इस्पितळात पोचणं हाच आधार.

त्या वर्षी भावाचा फोन आला होता, “माकडतापाच्या भियान काजीत जाऊक कोण तयार नाय गो ताई.” आता तो अंगभर कपडे घालतो, आरोग्य खात्याने दिलेलं, गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल हातापायांना लावतो, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करतो. रानातला पातेरा गोठ्यात अंथरायला आणायचं त्याने बंद केलंय, कारण त्यातूनच गोचिडी घरी येतात. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवतो.

स्वारगेटहून सावंतवाडीची रात्रीची गाडी सुटते. गेल्या मे महिन्यात मी तिनेच गेले. पोचले त्या संध्याकाळी भाऊ अंघोळ करून ओटीवर बसला होता आणि त्याची मुलगी त्याच्या मानेच्या मागे, कानांच्या पाळीखाली, केसांत बोटं घालून बघत होती. आई कपिलेला बघायची, अगदी तसंच. हात थांबत थांबत जात होता.

परत आल्यापासून मीही रोज दिवेलागणीला मोतीला पुढ्यात घेते. कानांच्या घड्या, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान, शेपटीचं बूड. पाच मिनिटं पुरतात. आता ती स्वतःहूनच येऊन आडवी होते.